मालेगावचा सुपरमॅन घरात आला, व्हिडिओ पार्लर मात्र गेलं

2025 च्या 28 फेब्रुवारीला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरांत लागला आणि 2 मार्चला पहिला रोजा होता. मालेगावच्या मुस्लिम पोरांवरचा सिनेमा, आणि तो रमजानच्या दोन दिवस आधी! तारीख ठरवणाऱ्यांनी बहुधा चांद बघितलाच नसावा. इफ्तार, तरावीह, सहेरी यांतून वेळ काढून आपल्या मोहल्ल्यांतून थिएटरला जाणार कोण? ईद झाली आणि 25 एप्रिलला हाच सिनेमा प्राइम व्हिडिओवर आला. आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी तो तेव्हाच पाहिला. घरात बसून, दादीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी.

रीमा कागती यांचं दिग्दर्शन, वरुण ग्रोव्हर यांचं लेखन. गोष्ट मात्र खरी आहे, आणि भिवंडीकरांना ती परकी वाटायचं कारण नाही. मालेगाव काय, भिवंडी काय, दोन्ही गावं मुंबई-आग्रा रस्त्यावरची, दोन्हीकडे पॉवरलूमचा खडखडाट. मालेगावात शुक्रवारी लूम बंद, म्हणून सिनेमाचा दिवसही शुक्रवारच.

नासिर शेख यांचं तिथे व्हिडिओ पार्लर होतं. एक खोली, एक टीव्ही, एक व्हीसीआर, समोर बसायला बाकडी. चॅप्लिन आणि बस्टर कीटनचे मूकपट ते लावायचे. दोन व्हीसीआर जोडून, एकावरचं दुसऱ्यावर उतरवत, ते एडिटिंग शिकले. मग वाटलं, दुसऱ्यांचे सिनेमे लावण्यापेक्षा आपलाच का करू नये? सुमारे 50 हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ झाला आणि गावानं तो उचलून धरला. लेखक फरोग जाफरी. कलाकार म्हणजे लूमवर, दुकानावर काम करणारी माणसं.

पुढे आला ‘मालेगाव का सुपरमॅन’. परग्रहावरून आलेला, उडणारा माणूस म्हणजे सायन्स फिक्शनच की. हॉलिवूडनं 1978 मध्ये त्याला उडवायला करोडो ओतले होते. मालेगावानं हिरवं कापड ताणलं. मुलांना हे समजावून सांगण्यासारखं आहे. हिरव्या कापडासमोर माणूस आडवा धरून शूटिंग करायचं. नंतर कॉम्प्युटरला सांगायचं की जिथे हिरवा रंग दिसेल तिथे आभाळ भर. हिरवाच का? कारण माणसाच्या कातडीच्या रंगापासून तो लांबचा, त्यामुळे माणूस आणि मागचं कापड कॉम्प्युटर सहज वेगळं करतो. मोठमोठे स्टुडिओ आजही हेच करतात, त्यांचं कापड तेवढं मोठं.

सुपरमॅन झाला शफीक शेख, लूमवर काम करणारा काडीसारखा तरुण. त्याचा मुकाबला गावाच्या रोजच्या दुश्मनांशी होता: घाण, प्रदूषण, तंबाखू. खलनायकाला घाण आवडते आणि सगळ्या गावाला तंबाखूची लत लागावी अशी त्याची इच्छा. फैजा अहमद खान यांनी या शूटिंगवरच ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. 2006 आणि 2008 च्या बॉम्बस्फोटांमुळेच जे गाव पेपरवाल्यांना ठाऊक होतं, ते गाव त्यात पोट धरून हसताना दिसलं. तो थिएटरांत लागला 2012 मध्ये. पण पडद्यावर तंबाखूशी लढणारा शफीक 2011 मध्येच तोंडाच्या कॅन्सरनं गेला होता. अल्लाह मगफिरत करो. महाराष्ट्रात गुटखाबंदी आली 2012 च्या जुलैत. आज पानपट्टीवर काय काय मिळतं ते आपण जाणतोच.

आता मुद्दा पार्लरचा. आधी केबल आणि सीडीनं त्याला धक्का दिला. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ भारतात आले तेही त्याच वर्षी. मग 2020 चा लॉकडाऊन. थिएटरं बंद पडली आणि जूनमध्ये ‘गुलाबो सिताबो’ थेट प्राइमवर उतरला. सिनेमा घरी येतो याची सवय आपल्याला तिथून पक्की झाली.

पार्लर गेलं याचं फार वाईट वाटून घ्यावं असं आम्हाला वाटत नाही. एक तर ती जागा पुरुषांची होती. आपल्या आया-बहिणी त्या बाकड्यावर कधी बसल्या? मालेगावची ही गोष्ट दादीनं पाहिली ती मोबाइल आणि टीव्हीमुळेच. पण पार्लरमध्ये एक सोय होती, जी अ‍ॅपमध्ये नाही. गावातला पोरगा कॅसेट घेऊन आला की पार्लरवाला त्याच संध्याकाळी ती लावू शकायचा. अ‍ॅपवर काय राहील आणि काय जाईल हे कंपनी ठरवते. आज दिसणारा सिनेमा करार संपला की गायब होतो, आपण पैसे भरत असलो तरी.

घरच्यांसाठी एक कामाची गोष्ट. 2021 च्या नियमांनुसार या कंपन्यांना प्रत्येक सिनेमावर वयाची खूण द्यावी लागते: यू, यूए 7+, यूए 13+, यूए 16+ आणि ए. यूए 13+ पासून वरच्या सगळ्याला पालकांचं लॉक देणंही बंधनकारक आहे. थिएटरच्या सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आधी तपासतं. इथे खूण कंपनी स्वतःच लावते, म्हणून लॉक आपणच घालायचं. सेटिंगमध्ये जाऊन पिन टाकायला दोन मिनिटं लागतात. पिन मात्र पोराच्या जन्मतारखेची नको, वर्गातली मुलं ती पहिल्या फटक्यात ओळखतात.

आणि जुन्या कॅसेटी? व्हीएचएस टेपला बुरशी लागते, सीडीचा थर उडतो. मोठ्या सिनेमांसाठी पुण्यात 1964 पासून फिल्म संग्रहालय आहे. मोहल्ल्यातल्या मुशायऱ्यांच्या, नाटकांच्या, हौशी सिनेमांच्या कॅसेटी मात्र आपापल्या कपाटातच आहेत. भिवंडीत कुणाकडे असं काही असेल तर पावसाळ्याआधी बाहेर काढा आणि चालू व्हीसीआर मिळतोय तोवर हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. वर तारीख आणि कोण कोण आहे ते लिहा, उर्दूत लिहा नाहीतर मराठीत.