सुट्टी समुद्राच्या पंचांगाने

वाशीम जिल्ह्यातील मेडशी हे अकोला-वाशीम मार्गावरील गाव. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. सुट्टीत कोकण पाहायचे तर येथील कुटुंबाला अकोल्याहून रेल्वेने मुंबई गाठावी लागते. त्यापुढचा प्रवास बहुतेक जण मोटारीने करतात. परंतु किनाऱ्यावरील गावे बोटीने गाठण्याची जुनी वाट आजही काही अंशी शिल्लक आहे. मात्र या वाटेवर सुट्टीच्या तारखा शाळा-कचेऱ्यांपेक्षा समुद्र ठरवतो, हे आधीच ध्यानात घेतले पाहिजे.

एकेकाळी मुंबईचा चाकरमानी शिमग्याला वा मे महिन्यात बोटीनेच गावी जात असे. 'रोहिणी', 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावे जुन्या पिढीच्या स्मरणात आहेत. अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात ती उभी राही आणि प्रवासी पडावांतून किनाऱ्यावर उतरत. नैर्ऋत्य मोसमी वारे थेट या किनाऱ्यावर आदळत असल्याने लाटा उसळत्या असताना असे उतरणे अशक्य होई. त्यामुळे पावसाळ्यात ही सेवा बंद राही.

पावसाळी समुद्राचे रौद्र रूप १७ जुलै १९४७ रोजी दिसले. भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट लाटांच्या तडाख्यात उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. त्यांत सणासाठी घरी निघालेलेही अनेक होते.

पुढे रस्ते सुधारले, १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. मुंबई-गोवा मार्गावर २०१८मध्ये 'आंग्रिया' ही आरामदायी बोट आली; पण तीही फार काळ टिकली नाही. आज बोटीचा प्रवास तुकड्या-तुकड्यांनी जोडावा लागतो. मार्च २०२०मध्ये सुरू झालेल्या रो-रो सेवेने भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला सुमारे तासाभरात मोटारीसह पोहोचता येते. पुढे अलिबाग, मुरूड करीत आगरदांडा येथे यावे. तेथून फेरीबोटीने दिघी, बागमांडल्याहून वेशवी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड असे खाड्यांचे टप्पे ओलांडता येतात. राजपुरी, बाणकोट, वाशिष्ठी व शास्त्री या चारही खाड्या अशा रीतीने पाण्यावरूनच पार होतात. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, गुहागर, गणपतीपुळे ही ठिकाणे याच वाटेवर येतात. प्रत्येक ठिकाणी मुक्काम करीत गेल्यास आठवडा सहज लागतो. घाईच्या पर्यटकाने या वाटेस न जाणेच बरे.

दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ यासाठी सर्वांत योग्य. या महिन्यांत समुद्र बहुधा शांत असतो व उकाडाही सोसवतो. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लहान लाँच पावसाळ्यात बंद असतात. मोठी रो-रो बोट चालते, पण हवामान बिघडल्यास तिच्याही फेऱ्या रद्द होतात. म्हणून परतीचे रेल्वे आरक्षण करताना एक दिवस हाताशी ठेवावा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, भरती-ओहोटीतील अंतर वाढते. तेव्हा शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जायचे असल्यास स्थानिकांना विचारूनच वेळ ठरवावी.

समुद्र शांत असला तरी सावधगिरी सुटता कामा नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी, ऐन पर्यटनाच्या दिवसांत, मुंबईहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा बळी गेला. त्या दिवशी वादळ नव्हते. जीवरक्षक जॅकेट बाकाखाली नव्हे, अंगावर असावे. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे दिसली तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. पोहण्याची सवय नसलेल्या घाटावरच्या वा वऱ्हाडातल्या पाहुण्याने तर हे कटाक्षाने पाळावे. बोट चुकली तर तासाभराने दुसरी मिळते; किनाऱ्यावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या तशीच थांबत आली आहेत.