दोन दावणींची चंद्री

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी कधी शेळी अर्धलीनं दिली असेल, तर या गोष्टीची सुरुवात तुम्हाला ओळखीची वाटेल. माझ्या माहेरी आई दोन-तीन वर्षांनी एखादी शेळी शेजारच्या वाडीतल्या मावशींना सांभाळायला द्यायची. शेळी आईची, चारापाणी मावशींचं, करडं निम्मी-निम्मी. आमच्याकडे याला अर्धली म्हणतात, कुठे वाट्यानं देणं म्हणतात, कुठे बटईनं. कागद नाही, सही नाही. कुरबूर झालीच तर चार बायका मध्ये पडायच्या आणि चहावर मिटायचं. त्यामुळे सासरची घोडी दुसऱ्याकडे सांभाळायला द्यायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, त्यात काय एवढं? शेळीच्या जागी घोडी!

इथेच माझं चुकलं.

आमची चंद्री पांढरीशुभ्र. मामंजींनी ती २०१५ च्या सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा केवढा मोठा बाजार भरतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. सासूबाई महिनाभर बोलल्या नव्हत्या त्यांच्याशी. पण मामंजींचा तो एकच शौक. पहाटे उठून खरारा करणार, स्वतःच्या हातानं चंदी घालणार, मगच स्वतः चहा घेणार.

२०२१ मध्ये मामंजी गेले. मुलगा शिकायला पुण्याला, हे दिवसभर दुकानात, आणि मी शाळेत. पहाटे पाचला पदर खोचून मीच खरारा करू लागले. घोडी दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पिते आणि आमच्याकडे नळ एक दिवसाआड. कडबा, कुट्टी, हरभऱ्याचा भरडा, दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद. शिवाय लीद रोजची. हे सगळं करूनही चंद्री दावणीला नुसती उभी. उभ्या घोड्याचे पाय सुजतात, तो चिडका होतो. येणारा-जाणारा म्हणायचा, "विकून टाका." एक व्यापारी तर पैसे मोजूनच बसला होता. पण माझी चाहूल लागली की ती मान वर करून फुरफुरायची. कसं विकणार, सांगा!

तेव्हा नात्यातले एक जण म्हणाले, "आमच्याकडे द्या. जागा आहे, माणसं आहेत. घरचंच जनावर, त्यात काय बोलायचं?" आणि खरंच, आम्ही काहीच बोललो नाही. चारा कुणाचा, डॉक्टर कुणाचा, घोडी कशाला वापरायची, परत कधी द्यायची, एक अक्षर नाही. नात्यात पैशाचं बोलणं म्हणजे कमीपणा वाटतो ना आपल्याला. दिवाळीनंतर चंद्री गेली. सासूबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, जशी काही लेकच सासरी निघालीय.

मे २०२२ मध्ये एका लग्नाला गेले होते. दुपारी साडेबाराचा मुहूर्त. डांबरी रस्ता तापलेला, डीजेच्या भिंती दणाणत होत्या आणि त्यापुढे नवऱ्यामुलाला घेऊन एक पांढरी घोडी नाचत होती. ती चंद्री! तोंडात काटेरी लगाम, ओठांच्या कोपऱ्यांना जखमा, तंगाखाली कातडं सोललेलं. मी अक्षता तशाच मुठीत धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी भांडण झालं. मी वाट्टेल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, सहा महिने ती हवा खात होती का? कडब्याचे भाव माहीत आहेत? तुम्ही एक रुपया तरी पाठवला? आणि फटाक्याला बुजते हे सांगितलं होतं का? आमचा पोरगा लडी लागल्यावर पडता पडता वाचला." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चंद्री फटाक्याला बुजते हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं. सांगायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

तरी राग होताच. आमच्या भिशीत एक वकील मैत्रीण आहे. "मला केस करायचीय," असं तावातावानं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि हसायलाच लागली. म्हणाली, "अगं, तुझी घोडी कायद्याच्या पुस्तकातच आहे की!"

मला आधी चेष्टा वाटली. पण खरंच आहे. आपला करार कायदा १८७२ चा. आपली वस्तू काही कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झालं की परत घ्यायची, या व्यवहाराची कलमं १४८ पासून सुरू होतात. आणि दाखले? घोड्यांचे! ज्याला आपला घोडा खोडकर आहे हे माहीत आहे, त्यानं ते न सांगता तो दुसऱ्याला वापरायला दिला, घोडा उधळला आणि स्वार पडून जखमी झाला, तर भरपाई देणाऱ्यानं करायची. हा कलम १५० चा दाखला. म्हणजे तो पोरगा खरंच पडला असता, तर केस माझ्यावर व्हायची! मी केस करायला गेले होते, गुपचूप चहाचा कप खाली ठेवला.

पुढचं कलम १५४ मात्र माझ्या बाजूचं. ठरलेल्या कामाखेरीज दुसऱ्या कामाला घोडा वापरला तर नुकसानीला वापरणारा जबाबदार. दाखल्यात एक जण कलकत्त्याहून काशीला जायचं म्हणून घोडा भाड्यानं घेतो आणि कटकला जातो. नीट सांभाळून चालवतो, तरी घोडा पडतो, आणि भरपाई त्याच्यावर येते. दुसऱ्या दाखल्यात फक्त स्वतः बसायचं म्हणून घेतलेल्या घोड्यावर तो घरातल्या माणसाला बसवतो, तिथेही तेच. मैत्रीण म्हणाली, "पण तू काम ठरवलंच नव्हतंस. मग काशी कुठली आणि कटक कुठलं?"

चंद्री घरी आली. जखमा भरायला दीड महिना लागला. प्रश्न पुन्हा तोच, पहाटेचे पाच आणि एक दिवसाआडचा नळ.

चंद्रीला पहिल्यापासून नाल मारणारे चाचा शेजारच्या गावात राहतात. त्यांच्या घरी पूर्वी टांगा होता. आता चाचा नालबंदी करतात आणि मुलगा वरातीला घोडा पुरवतो. एक दिवस चाचांबरोबर भाभी आल्या. चंद्रीच्या पायांवरून हात फिरवला, खूर उचलून पाहिले, दात पाहिले आणि मग माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या. म्हणाल्या, "वहिनी, घोडी आमच्याकडं द्या. पण आधी बोलून घ्या. मागनं बोललं की तोंड वाईट होतंय."

त्या दिवशी दोन वेळा चहा झाला, मग पोहे झाले, आणि बोलणं तरी पुरं झालं नाही. दोन्हीकडची पुरुषमंडळी अंगणात बसून राजकारणावर बोलत होती. ठरवत होतो आम्ही दोघी.

रोजची चंदी, चारा, नाल त्यांच्याकडे, कारण वरातीची कमाई त्यांची. हे सोपं होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि जंताचं औषध मी करायचं. मोठं आजारपण आलं तर खर्च निम्मा-निम्मा. दिवसाला एकच वरात, काटेरी लगाम नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. भाभी म्हणाल्या, "मेमधल्या साडेबाराच्या मुहूर्ताला काय करायचं?" मी मैत्रिणीकडून आणलेला कागद काढला. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्राचे १९६५ चे नियम आहेत. पारा ३७ अंशांवर जातो तिथे बारा ते तीन त्यांना जुंपायचं नाही, आणि काटेरी लगामालाही त्यात बंदी आहे. भाभींनी कागदाकडे न बघता विचारलं, "बुडालेली वरात भरून कोण देणार?" प्रश्न रास्त होता. शेवटी मे महिन्याचा निम्मा चारा मी पाठवायचा असं ठरलं.

मग मी माझ्या बाजूची कबुली दिली. फटाक्याला बुजते, डाव्या अंगानं छत्री उघडली की लाथ मारते, अनोळखी माणसाला मागून जवळ येऊ देत नाही. सगळं लिहून दिलं. आणि मी मागितलं की मला विचारल्याशिवाय डॉक्टरांनी काही टोचायचं नाही. इथे भाभी अडल्या. "रात्री दोनला घोडी लोळायला लागली आणि तुमचा फोन बंद असला तर? मी तिला मरू देऊ?" मला राग आला होता, खरं सांगते. आपल्या जनावराचा निर्णय दुसऱ्याच्या हातात द्यायचा? पण घोडी त्यांच्या दावणीला असणार, माझ्या नाही. आधी डॉक्टर, मग मला फोन, असं लिहिलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो शिंगराला. घोडा दाखवला आणि शिंगरू झालं तर ते कुणाचं? वेगळं काही ठरलं नसेल तर कायद्यानं ते मालकाचं. कलम १६३ मध्ये सांभाळायला दिलेल्या गाईचा दाखला आहे, वासरू झालं तर गाईबरोबर वासरूही परत द्यायचं. मी आपली अर्धलीच्या सवयीनं म्हणाले, निम्मं-निम्मं. भाभी हसल्या. "शेळीला दोन करडं होत्यात वहिनी. घोडीला एकच. निम्मं कसं करता?" मग त्यांनी हिशेब मांडला. घोडी अकरा महिने गाभण. शेवटचे तीन महिने वरात बंद, त्यानंतर शिंगरू पिणार ते पाच-सहा महिने. म्हणजे एक अख्खा हंगाम गेला, आणि खुराक दुप्पट. हे ऐकल्यावर पहिलं शिंगरू त्यांचं, दुसरं माझं, यावर मी कबूल झाले. आमच्या ह्यांना ते पटलं नाही. ह्यांनी कधी खरारा केला नाही, हेही इथे नमूद करते.

घोडी परत मागायची तर लग्नाचा हंगाम संपल्यावर आणि दोन महिने आधी सांगून. बिनमोबदला वापरायला दिलेली वस्तू मुदतीआधी परत मागता येते, पण समोरच्यानं त्या भरवशावर खर्च केला असेल आणि त्याचा तोटा फायद्यापेक्षा जास्त होत असेल, तर तो भरून द्यावा लागतो, असं मैत्रिणीनं समजावलं होतं. भाभींची सात वर्षांची नात अंगणात संथ चालीनं बसू शकेल, रस्त्यावर नाही, हेही लिहिलं. कटकची गोष्ट लक्षात होती ना! मालकी माझी, हे स्पष्ट लिहिलं. विमा उतरवायचा तर ते लागतंच. शिवाय घोड्यांना ग्लँडर्स नावाचा रोग होतो, तो माणसालाही लागू शकतो. त्यात सरकार जनावराला दयामरण देतं आणि भरपाई देतं. ती कुणाच्या हाती पडायची, याचा वाद त्या वेळी कुणाला सुचू नये.

दोन प्रती केल्या. साक्षीदार म्हणून सासूबाईंनी सही केली आणि भाभींच्या मोठ्या सुनेनं. सासूबाई म्हणाल्या, "आषाढीला माउलींचे अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. घोडे त्यांचे, पण वारीत माउलींचे. तशी आपली चंद्री आता दोन घरची." शितोळ्यांशी आमची बरोबरी कुठली? पण त्यांचं मन त्यानं हलकं झालं.

कागदाची परीक्षा झाली २०२४ च्या जानेवारीत. रात्री दोन वाजता फोन. "वहिनी, डॉक्टरला बोलावलंय. चंद्री लोळायलीय." आम्ही पोहोचलो तेव्हा ती घामानं भिजली होती. पुढच्या पायानं जमीन उकरायची, वळून पोटाकडे बघायची, आडवी पडायची. पोटशूळ. वरातीत कुणीतरी कौतुकानं तिला लाडू आणि उरलेल्या पोळ्या भरवल्या होत्या. घोड्याला उलटी होत नाही, मैत्रिणींनो. पोटात गेलेलं बाहेर यायला एकच वाट. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली होती, इंजेक्शन देऊन झालं होतं. मला विचारायला थांबले असते तर? तो विचार आजही नको वाटतो. भाभी आणि मी आळीपाळीनं तिला धरून थोडं थोडं चालवत होतो. थंडी मी म्हणत होती. सहाच्या सुमारास चंद्रीनं लीद टाकली आणि भाभी मटकन खालीच बसल्या. लीद बघून रडणाऱ्या दोन बायका त्या दिवशी त्या गल्लीनं पाहिल्या.

बिलावरून पुन्हा वाद, पण उलटा. भाभी म्हणत होत्या, "आमच्या पोराचं लक्ष नव्हतं, पैसे आमचे." मी म्हणत होते, कागदात निम्मे लिहिलेत. निम्मेच झाले. वरात संपली की तोंडाला जाळीची मुसकी बांधायची, ही एक ओळ दोन्ही प्रतींवर वाढवली.

आता चंद्री गाभण आहे. माघात शिंगरू होईल. दर रविवारी मी जाते, भरडा नेते, पोटावर हात ठेवते. पहिलं शिंगरू भाभींचं, त्यात वाद नाही. पण सासूबाईंनी त्याच्यासाठी मामंजींच्या आवडीचं नाव काढून ठेवलंय, आणि भाभींच्या नातीनं तिचं नाव आत्ताच अख्ख्या गल्लीला सांगून टाकलंय. नावाचं कागदात काही लिहिलेलं नाही. परवा भाभींना म्हटलं, "यावर बोलायला हवं." त्या म्हणाल्या, "या रविवारी. पोहे मी करते."