साटीन वीण : सुती कापडाच्या गुळगुळीतपणाचे रहस्य

कापड गुळगुळीत आहे की खरखरीत, हे बालकास स्पर्शाने तत्काळ कळते. परंतु ते तसे का, याचा विचार क्वचितच होतो. सूत तेच असले, तरी विणीच्या भेदाने कापडाचा पोत पालटतो.

मागावरील उभ्या धाग्यांस ताणा व आडव्या धाग्यांस बाणा म्हणतात. मांजरपाट, मलमल यांच्या साध्या विणीत बाणा एका धाग्यावरून व दुसऱ्याखालून जातो. सुती साटीनच्या प्रचलित विणीत मात्र तो चार धाग्यांवरून जाऊन पाचव्याखाली शिरतो. गुंफण विरळ व विखुरलेली असल्यामुळे पृष्ठभाग सपाट होतो आणि लांब मोकळ्या धाग्यांवर प्रकाश पडून चकाकी येते.

हे वर्गात सहज दाखविता येईल. निळ्या कागदाच्या १० उभ्या व पांढऱ्या कागदाच्या ५ आडव्या पट्ट्या घ्याव्यात. पहिली पांढरी पट्टी १ व ६ या निळ्या पट्ट्यांखालून न्यावी. दुसरी ३ व ८, तिसरी ५ व १०, चौथी २ व ७ आणि पाचवी ४ व ९ यांखालून. अन्यत्र ती वरच ठेवावी. विद्यार्थ्यांकडून मोजणी करवावी : ५० पैकी ४० घरे पांढरी दिसतील, साध्या विणीत २५ दिसतात. दर ओळीस दोनऐवजी एकच घर सरकविल्यास तिरप्या रेघा उमटतात. ती तिरकस वीण होय.

आता पांढऱ्या पट्टीखाली काडी घालून पाहावी. ती सहज शिरते. साटीनचा मोकळा धागाही असाच खिळ्यात अडकतो व घर्षणाने लवकर झिजतो. म्हणून अस्तर, पडदे, उशांचे अभ्रे, रजईची खोळ यांस साटीन शोभते. जमिनीवर बसणाऱ्या, खेळणाऱ्या मुलाच्या रोजच्या गणवेशास घट्ट साधी अथवा तिरकस वीणच हितकर.

आणखी एक सावधगिरी. खळीने आणलेला तुळतुळीतपणा धुण्याने जातो. विणीचा गुळगुळीतपणा धुतल्यावरही राहतो. कापड खरेदी करताना कोपरा चोळून पाहावा व विणीकडे नीट लक्ष द्यावे. बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबात एक सदरा वर्षभर पुरवावा लागतो. तेथे हे ज्ञान पाठ्यपुस्तकातील धड्याइतकेच मोलाचे आहे.