नेत्रिकांची निवड

आठ इंची (200 मिमी) आरशाची, 1200 मिमी नाभीय अंतराची परावर्ती दुर्बीण हाती आली की हौशी निरीक्षक विवर्धनाच्या मोहाने प्रथम 4 मिमीची नेत्रिका खरेदी करतो. परंतु दुर्बिणीच्या नाभीय अंतरास नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागून येणारे ते 300 पट विवर्धन, वातावरणाच्या अस्थैर्यामुळे, बहुतेक रात्री शनीच्या कड्यांची थरथरती, धूसर पट्टी करून सोडते. आमची शिफारस आधी 32 मिमीच्या प्लॉसल नेत्रिकेची आहे. कारण तिचे विवर्धन जेमतेम 37 पट असले तरी सव्वा अंशाहून अधिक रुंदीचे आकाश एकदम दिसून कृत्तिकांचे ठळक तारे त्यात सुखाने मावतात. ग्रहांसाठी 10 मिमीची तूर्त पुरे. रात्र निश्चल असेल तेव्हा दुपटीचे बार्लो भिंग जोडावे. प्लॉसलची रचना किफायतशीर खरी, मात्र 6 मिमीच्या प्लॉसलमध्ये डोळा भिंगाला इतका लगटून ठेवावा लागतो की पापण्यांचे केस काचेला पुसतात आणि चष्मेवाल्यांची तर पुरती पंचाईत होते. अर्थात निव्वळ लघुदृष्टी वा दीर्घदृष्टी असल्यास चष्मा खुशाल काढावा, तो दोष केंद्रीकरणाच्या चक्रीने निघतो. दृष्टिवैषम्य असणाऱ्यांनी मात्र डोळा दूर ठेवू देणाऱ्या, किंचित महाग नेत्रिकाच घ्याव्यात.