रात्रीचे स्तनपान आणि मातेची कूस

झाशी शहरातील सिविल लाइंस हा भाग इंग्रजी अमदानीत मुलकी अधिकाऱ्यांच्या वस्तीसाठी वसविण्यात आला. तेथील प्रशस्त बंगल्यांतून मुलांची निजण्याची खोली निराळी ठेवण्याची युरोपीय पद्धत रूढ होती. याच शहराच्या परकोटात अठराव्या शतकापासून मराठी कुटुंबे नांदत आली. त्यांच्या घरांत तान्हे मूल मातेच्या कुशीतच निजे. तान्ह्या मुलाने रात्री कोठे निजावे, याविषयीच्या या दोन रीती होत. शास्त्रीय संशोधनाने त्या दोहोंचीही परीक्षा केली आहे.

न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रबी किंग (१८५८–१९३८) यांनी मुलाला घड्याळाबरहुकूम चार-चार तासांनी पाजावे व रात्री पाजू नये, असा उपदेश केला. ब्रिटिश साम्राज्यात त्याचा बराच प्रसार झाला. परंतु अर्भकाची शरीररचना या वेळापत्रकास अनुकूल नाही. त्याचे जठर लहान असते व आईचे दूध लवकर पचते. म्हणून नवजात मुलाला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावे लागते. त्यांतील काही वेळा रात्रीच येणार, हे उघड आहे.

मातेच्या शरीराचीही तशीच योजना आहे. मूल चोखू लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या लहानशा ग्रंथीतून प्रोलॅक्टिन व ऑक्सिटोसिन ही द्रव्ये रक्तात मिसळतात. पहिल्याने दूध तयार होते, दुसऱ्याने ते बाहेर येते. प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री अधिक असते. यास्तव रात्रीचे पाजणे अजिबात बंद केल्यास पुष्कळदा दूध कमी होऊ लागते. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जेम्स मॅकेना व त्यांचे सहकारी यांनी निद्रेच्या प्रयोगशाळेत मातांचे व मुलांचे निरीक्षण केले. मातेजवळ निजणारी मुले रात्री अधिक वेळा दूध पितात, असे त्यांना १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले.

निजून पाजताना मातेने कुशीवर वळावे, मुलाचे तोंड व पोट आपल्याकडे करावे आणि त्याचे नाक स्तनाग्राच्या समोर आणावे. खालचा हात मुलाच्या डोक्याच्या वरच्या बाजूस ठेवावा व गुडघे मुडपून त्याच्या पायांखाली घ्यावेत. अशाने मूल वर उशीकडे किंवा खाली पांघरुणात सरकत नाही. पाठीला आधार हवा असल्यास तक्क्या मातेच्या मागे असावा, मुलाजवळ नसावा. पिणे संपताच मुलाला उताणे निजवावे.

तथापि ही रीत सर्वत्र निर्धोक नाही. सैल विणीच्या खाटेत मध्ये खोलगा पडतो व मूल त्यात मातेच्या अंगाखाली घरंगळू शकते. मऊ गादी, उशी व जाड रजई यांनी श्वास कोंडतो. झाशीच्या कडक थंडीत रजई तोंडावर येण्याचा धोका विशेष असतो. म्हणून मुलाला पुरेसे कपडे घालून रजई त्याच्यापासून दूर ठेवावी. आरामखुर्चीत वा कोचावर मुलाला घेऊन डोळा लागणे तर फारच घातक होय. आईबापांपैकी कोणी धूम्रपान करीत असेल, मद्य किंवा गुंगीचे औषध घेतले असेल, मूल अपुऱ्या दिवसांचे असेल अथवा जन्मतः त्याचे वजन २.५ किलोग्रॅमहून कमी असेल, तर त्याला एकाच अंथरुणात घेऊ नये. मोठे भावंडही मुलाच्या शेजारी निजवू नये.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ साली सर्वच मुलांसाठी एक मध्यम मार्ग सुचविला. मूल मातेच्याच खोलीत, तिच्या पलंगालगत, परंतु स्वतंत्र, सपाट व घट्ट अंथरुणावर निजवावे. पाजताना झोप लागण्याचा संभव असेल, तर कोचापेक्षा उशा व पांघरुणे दूर केलेला पलंग कमी धोक्याचा, असेही तिचे मत आहे. जाग येताच मुलाला त्याच्या जागी ठेवावे.

उन्हाळ्यात झाशीच्या रात्रीही तापतात. अशा वेळी मुलाला वरचे पाणी पाजण्याचा मोह होतो. परंतु आईच्या दुधात शेकडा सुमारे ८७ भाग पाणीच असते. सहा महिन्यांपर्यंत अर्भकास निराळ्या पाण्याची गरज नसते. ती गरज असते मातेला. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवावा आणि मुलाचे अंथरूण तिला झोप येण्यापूर्वीच नीट घालून ठेवावे. मध्यरात्री डोळे मिटत असता ही तयारी होत नाही.