अक्कलदाढ काढायची की ठेवायची?

आजचा विषय दुखरा आहे: अक्कलदाढ. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण गेल्या वर्षी ऐन रिलीजच्या आठवड्यात माझी खालची दाढ सुजली आणि तोंड इतकं आखडलं, की तर्री-पोह्याचा चमचा आत जाईना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खर्रा खाता का?" मी म्हटलं, नाही. हा प्रश्न का आला, ते सांगतोच.

अक्कलदाढ म्हणजे तिसरी दाढ. साधारण १७ ते २५ वयात येते, म्हणून हे नाव. बहुतेकांना चार असतात, काहींना कमी, काहींना एकही नाही. भानगड जागेची आहे. बाकी दात आधीच बसलेले, ही सगळ्यात शेवटी येते. शनिवारी संध्याकाळी बर्डीवर गाडी लावायला गेल्यासारखं! मग ती आडवी होते, पुढच्या दाढेला टेकते, नाहीतर अर्धीच बाहेर येते.

अर्धी आलेली जास्त त्रास देते. तिच्यावर हिरडीचं झाकण राहतं. त्याखाली अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही, जंतू वाढतात. मग सूज, पू, आणि तोंड उघडत नाही. माझं हेच झालं होतं.

मग काढायचीच का? नाही. सरळ आलेली, साफ ठेवता येणारी आणि तपासणीत ठीक असलेली दाढ राहू द्या. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० सालीच सांगितलं, की निरोगी अडकलेली अक्कलदाढ उगाच काढू नये. वारंवार सूज, भरता न येणारी कीड, शेजारच्या दाढेला इजा किंवा जबड्यात सिस्ट असेल, तर काढतात. आधी एक्स-रे लागतो, कारण खालच्या ओठाला संवेदना देणारी नस दाढेच्या मुळांजवळून जाते. काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. ती टिकली पाहिजे, म्हणून जोरात थुंकणं, स्ट्रॉ आणि सिगरेट बंद.

आता तो प्रश्न. आपल्याकडे पानठेल्यावर घोटून मिळणाऱ्या खर्‍यात तंबाखू आणि सुपारी असते. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा हळूहळू कडक होते, तिखट झोंबतं, तोंड कमी उघडायला लागतं. पोरं म्हणतात, "काही नाही बे, अक्कलदाढ येऊन राहिली." फरक असा: दाढेची सूज काही दिवसांत चढते आणि उपचाराने उतरते. खर्‍याचा आखडलेपणा महिनोन्‌महिने वाढतो, पूर्ण परत जात नाही, आणि त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. शिवाय तोंडच उघडत नसेल, तर दाढ काढणंही अवघड.

आत्ताच करून बघा: स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये उभी जातात का? जात नसतील, तर दाढेवर ढकलू नका. दातांच्या डॉक्टरकडे जा. मेडिकलच्या परिसरात सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथेही दाखवता येतं. आणि खर्रा खात असाल, तर तिथे खरं सांगा.

भेटू पुढच्या भागात!