मागची काच, जी काच नव्हेच

इंग्लंडमध्ये माझ्याकडे छप्पर दुमडणारी एक जुनी गाडी आहे, १९९४ची माझदा एमएक्स-५. तिची मागची 'काच' म्हणजे कापडी छपराला चेननं जोडलेलं मऊ, पारदर्शक प्लास्टिक. १९९८च्या दुसऱ्या पिढीत तिथं खरी काच आली.

घरच्या सवयीनं मी ते वर्तमानपत्रानं पुसायचो. काचेला ते चालतं, प्लास्टिकला नाही. खिडकी दुधाळ झाली. एका संध्याकाळी गाडी मागं घेताना सायकलवरचा मुलगा मला दिसलाच नाही. त्यानं घंटी वाजवली म्हणून निभावलं!

हा दुधाळपणा बहुतेक वेळा बारीक ओरखड्यांचा असतो. उजेड त्यांवर विखुरतो. मी आधी साबणाच्या भरपूर पाण्यानं धूळ वाहू दिली, कारण कोरडं पुसलं की धूळच पॉलिशपेपरचं काम करते. मग आतून मऊ टॉवेलचा आधार देऊन, सावलीत, प्लास्टिकचं पॉलिश हातानं हलकेच घासलं. आधी जरा भरड, मग बारीक. थिनर किंवा अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा मुळीच वापरू नये. दुपारपर्यंत मागच्या गाडीचा नंबर वाचता येऊ लागला.

घडीवरची चीर आणि उन्हानं आत मुरलेला पिवळेपणा मात्र तसाच राहिला. तो पॉलिशनं जात नाही, खिडकीच बदलावी लागते. आता छप्पर पाडण्याआधी मी चेन उघडून खिडकी सपाट पसरतो. कडाक्याच्या थंडीत तर छपराला हातच लावत नाही. गार प्लास्टिक ताठरतं आणि दुमडलं की तडकतं.